गॅस गीझर: डाग देऊन चालवायचा की नवा आणायचा?

जुळे सोलापूर, वरचा मजला

गीझर सात वर्षांचा, सहा लिटरचा. पंधरा दिवसांपासून नखरे चालू आहेत. नळ सोडला की चट-चट आवाज येतो, चार-पाच सेकंद काहीच नाही, मग एकदम भप्पकन पेटतो. पेटला की पाणी करंगळीएवढं. कालपासून खालून थेंब थेंब गळायलाही लागलंय. सेल नवे घालून बघितले, फरक नाही.

मेकॅनिक आला, कव्हर न काढताच म्हणाला, "कॉइल गेली. डाग आणि सर्व्हिसिंग मिळून १८०० होतील." (कॉइल म्हणजे पाणी जिच्यातून जाताना तापतं ती तांब्याची नळी; डाग म्हणजे तिचं भोक धातू वितळवून बुजवणं.) नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, नवा ५५०० ला देतो, जुन्याचे ५०० कापतो, शिवाय नवा गॅस कमी खातो. घरात आई ७४ वर्षांची, दोन मुलं. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतली, थंडी तोंडावर आलीय. पाणी बोअरचं आणि नळाचं, दोन्ही एकाच हौदात. गीझर बाथरूममध्येच, दाराच्या वर एक झडप आहे. काय करावं?

भवानी पेठ, रिपेरीवाला

मालक, कव्हर न काढता कॉइल गेली म्हणणारा माणूस परत घरात घेऊ नका. लोक काय करलालेत बघा, रबर फाटलं की अख्खा गीझर भंगारात! त्यात असतंय काय? पाण्याच्या दाबानं एक रबरी पडदा उचलला जातो, त्याला आम्ही डायफ्राम म्हणतो. तो पिन ढकलतो, पिन स्विच दाबते, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व उघडतो. एवढंच. पाणी करंगळीएवढं येतंय म्हणजे आधी आत येणाऱ्या पाण्याची जाळी बघा, बोअरच्या रेतीनं भरली असणार. भप्पकन पेटतंय ते ठिणगीच्या काडीवर काजळी बसल्यामुळं नाहीतर बर्नरमध्ये कोळ्यानं जाळं केल्यामुळं. खालचं गळणं ड्रेनच्या बुचातल्या वॉशरचंही असू शकतंय. सगळं मिळून सहा-सातशेच्या वर जाणार नाही.

होटगी रोडची वहिनी

"असणार", "असू शकतंय" यावर आंघोळीला आत कोण जाणार? तुम्ही जाता का, दादा?

भप्पकन पेटणं ही गंमत नाही. ठिणगी पडेपर्यंत चार-पाच सेकंद गॅस येत राहतो आणि मग साठलेला एकदम पेटतो. आमच्याकडे असाच एकदा दणका बसला, समोरची काच तडकली, नवऱ्याच्या भुवया जळाल्या. त्याआधी तीन वेळा "रिपेर" झाला होता. दर वेळी पाचशे, सातशे, नऊशे. बेरीज केली तर अर्धा नवा गीझर आला असता. सात वर्षं वापरलात, पैसे फिटले. काढून टाका.

अक्कलकोट रोड, निवृत्त फिटर

दोघांचंही वाचलं. दोघंही गीझरकडं बघताय. मी बाथरूमकडं बघतोय.

आकडे मांडतो. वीस लिटरची बादली, पाणी २५ अंशांवरून ४५ वर न्यायचं, म्हणजे ४०० किलोकॅलरी. गीझर ८० टक्के उष्णता पाण्यात उतरवतो असं धरा, तर ५०० लागल्या. एक किलो एलपीजी साधारण १०,९०० किलोकॅलरी देतो. म्हणजे बादलीला ४५-४६ ग्रॅम गॅस. तीन बादल्यांना १४० ग्रॅमच्या आसपास. आता मुख्य मुद्दा: एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. १४० ग्रॅमला पावणेदोन झाली. पाच बाय सहाची, आठ फूट उंचीची बाथरूम म्हणजे जेमतेम पावणेसात घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत ज्योत खोलीतली पाव हवा खाऊन टाकते. दार बंद, वर वाफ, आणि त्याच हवेत माणूस.

हवा कमी पडली की ज्योत निळी राहत नाही, पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. "गॅसचा वास येईलच की" असं म्हणू नका. वास एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. गळती झाली तर तो येतो. जळून तयार झालेल्या मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही.

म्हणून जुना ठेवा किंवा नवा आणा, आधी तो बाथरूमच्या बाहेर काढा. नवा आत लावलात तर उद्या तोच मारेल, फक्त चकाचक दिसेल.

शेळगीची सूनबाई

काकांचं अक्षरन् अक्षर खरं आहे. गेल्या पौषात माझी जाऊ केस धुवायला गेली. तीन बादल्यांचं काम. वीस मिनिटं झाली, हाक मारली तर ओ नाही. कडी आतून. सासऱ्यांनी खांद्यानं दार फोडलं. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, बोलता येत नव्हतं. अंगणात आणली, ओकली, मग शुद्धीवर आली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तिला विचारलं तर म्हणाली, डोकं जड झालं, वाटलं वाफेनं होतंय, थोडं बसू या.

"थोडं बसू या." तेवढंच. आणि गीझर आठच महिन्यांचा होता, वॉरंटीतला. आता आमच्याकडे बाथरूमला आतून कडीच नाही, दोरी आहे.

सैफुल, सौर

मी दोन्ही बाजूंनी नाही. ज्या गावात मेमध्ये टाकीचं पाणीच हात भाजतं त्या गावात गॅसवर पाणी तापवायचं म्हणजे विहिरीत बसून तहान तहान करण्यासारखं आहे. सौर लावा. काचेच्या नळ्यांचा घ्या, तांब्याच्या पट्टीवाला नको, बोअरच्या पाण्यानं तो चोंदतो. बिल शून्य, मोनॉक्साइड शून्य.

कन्ना चौक, दुसरा मजला

सौर वाईट नाही हो, पण गच्चीवरून खाली गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी मोरीत जातं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे पाप आहे. आमच्याकडे त्यावरून सासू-सुनेत रोज एक फेरी होते.

अक्कलकोट रोड, निवृत्त फिटर

अर्धी बादली नाही जात. अर्धा इंची पाइपात मीटरला दीडशे मिलिलिटरच्या आसपास मावतं. वीस मीटर पाइप असला तरी तीनेक लिटर. तेवढं बाजूच्या बादलीत धरा, कपडे भिजवायला होतं. सासूबाईंना आकडा सांगा.

कन्ना चौक, दुसरा मजला

आकडा सांगून सासूबाई ऐकल्या असत्या तर मी इथं कशाला आले असते!

बाळे, बंबवाला

आमच्या आजीचा तांब्याचा बंब अजून आहे. चाळीस वर्षं ना डायफ्राम फाटला ना सेल संपले. चिंचेनं घासला की लख्ख. धूर मात्र अंगणभर. (विषय सोडून बोललो, माफी.)

भवानी पेठ, रिपेरीवाला

वहिनी, तुमच्या भुवयांचं वाईट वाटलं, पण तीन वेळा रिपेर करणारा एकच माणूस होता ना? मग दोष रिपेरीचा की त्या माणसाचा? आणि दुकानदारानं "नवा गॅस कमी खातो" म्हणून सोडलंय, ते तरी तपासा. काकांचंच गणित घ्या. मळलेला जुना ८० ऐवजी ७० टक्क्यांवर आला असं धरू. बादलीला ४६ च्या जागी ५२ ग्रॅम. रोज पाच बादल्या म्हणजे ३० ग्रॅम जास्त. सिलिंडर ९०० ला १४.२ किलो धरला तर दिवसाला दोन रुपये. महिन्याला साठ. तेही थंडीत. उन्हाळ्यात गीझर लावतंय कोण इथं? या वाचलेल्या पैशातून ५५०० फिटायला मुलांची लग्नं व्हायची.

होटगी रोडची वहिनी

गॅसच्या पैशाचं मीही म्हणत नव्हते. तो मुद्दा तुमचा, घ्या. पण डाग दिलेल्या कॉइलचं काय? एका वाकणावर भोक पडलं म्हणजे बाकीची वाकणं तेवढीच झिजलेली असतात. आज इथं डाग, दिवाळीला तिथं.

भवानी पेठ, रिपेरीवाला

कॉइलला खरंच भोक असेल तर मीही डाग देत नाही. देणाऱ्याकडून घेऊही नका. पण आधी बघा तरी! मालक, सिलिंडर बंद करा, सेल काढा, पाण्याची कॉक बंद करा, कव्हरचे स्क्रू काढा आणि काय दिसतंय ते लिहा. गळतीच्या जागी हिरवा-निळा ओघळ असेल तर तांबं गेलं. पांढरी खपली फक्त बुचाजवळ असेल तर वॉशर.

जुळे सोलापूर, वरचा मजला

उघडला. रविवार कारणी लागला.

जाळी: पाणी आत येतं तिथं बोटाच्या पेराएवढी पितळी जाळी निघाली. लाल माती आणि बारीक रेतीनं गच्च. दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुतली, परत बसवून नुसतं गार पाणी सोडलं तर धार पूर्ववत. म्हणजे पाण्याबद्दल रिपेरीवाले दादा शंभर टक्के बरोबर.

बर्नर: दोन भोकांत खरंच जाळं. एकात कोळ्याची अंडी.

कॉइल: वरच्या पट्ट्यांमध्ये काजळी अशी बसलीय की टॉर्च मारला तर पलीकडचा उजेड दिसत नाही. नखानं खरवडली, मऊ, काजळासारखी. आणि उजवीकडच्या खालच्या वाकणावर हिरवा ओघळ, वर एक पांढरा फुगवटा. कापडानं पुसला तर खाली सुईच्या टोकाएवढं भोक, पाणी सोडल्यावर तिथून हळूच मोती येतो. बुचाचं वॉशर कोरडं.

अक्कलकोट रोड, निवृत्त फिटर

पट्ट्यांतून उजेड दिसत नाही म्हणजे जळलेला धूर वर जायला वाट नव्हती. तुमची ज्योत किती दिवस पिवळी होती?

जुळे सोलापूर, वरचा मजला

हे विचारल्यावर पोटात गोळा आला. दिवाळीपासून. आई म्हणायची, "आता कसा छान दिव्यासारखा पेटतो." आम्ही हसायचो. आंघोळीनंतर तिचं डोकं दुखायचं, आम्ही बीपीची गोळी बदलून घेतली.

शेळगीची सूनबाई

दादा, आजपासून आईंना चुलीवर, स्टोव्हवर, कशावरही पाणी तापवून द्या. त्या बाथरूममध्ये तो गीझर परत पेटवू नका. आणि डॉक्टरांना डोकेदुखीचं सगळं सांगा.

भवानी पेठ, रिपेरीवाला

हिरवा ओघळ म्हटल्यावर माझं भांडण संपलं मालक, कॉइल गेली. नुसती कॉइल बदलून मिळते, पण मजुरी धरून नव्याच्या निम्म्याच्या पुढं जातेय आणि खालचं सगळं सात वर्षांचंच राहतंय. नवा घ्या. पण माझं दुसरं ऐका. तांबं सात वर्षांत का गेलं? वरचं बटण कायम फुल ठेवून वर गार पाणी मिसळत होता ना? साठ अंशांच्या पुढं पाणी गेलं की बोअरचा क्षार जास्त बसतोय. ज्योत बारीक ठेवा, अंगाला लागेल एवढंच तापवा, गार मिसळायची गरजच पडू नये. आणि वर्षातून एकदा लिंबूसताच्या पाण्यानं कॉइल धुवा. ॲसिड घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते क्षाराबरोबर डागाचे सांधेही खातंय.

होटगी रोडची वहिनी

बघा, शेवटी नवाच!

भवानी पेठ, रिपेरीवाला

वहिनी, तुम्ही न बघता नवा म्हणत होता. मी बघून म्हणतोय. तुमच्या पद्धतीनं दहा घरांत दहा नवे आले असते. माझ्या पद्धतीनं सात घरी जाळी धुऊन भागतंय.

होटगी रोडची वहिनी

आणि उरलेल्या तीन घरी कव्हर कोण उघडणार? यांनी उघडलं कारण तुम्ही चार वेळा सांगितलं. यांच्या दारात आलेल्या माणसानं उघडलं नव्हतं. सामान्य माणसाला भरवशाचा मेकॅनिक मिळत नाही, म्हणून तो नवा घेतो. उधळपट्टी म्हणून नाही.

भवानी पेठ, रिपेरीवाला

याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या धंद्यात तसले लई झालेत.

जुळे सोलापूर, वरचा मजला

शेवटचं कळवतो. नवा घेतला, आयएसआय मार्क बघून. बाथरूमबाहेर धुण्याच्या उघड्या गॅलरीत लावला, पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्रा. भिंतीला भोक, दोन पाइप, कॉक, प्लंबरची मजुरी मिळून ३१०० झाले. म्हणजे दुरुस्तीच्या १८०० पेक्षा नुसतं बाहेर काढणंच महाग पडलं. दुकानदार म्हणत होता, "आतच बसवा, झडप आहे ना." गॅसची नळीही बदलली. जुनीवरची तारीख बघितली तर पाच वर्षं कधीच उलटून गेलेली.

आईची तक्रार आहे की आता ज्योत दिसत नाही, त्यामुळे पाणी तापतंय का नाही कळत नाही.

भवानी पेठ, रिपेरीवाला

जुना कुठाय? त्यातला गॅस व्हॉल्व आणि सर्किट चांगलं असणार. देऊ नका कुणाला.

जुळे सोलापूर, वरचा मजला

दुकानदारानं ५०० कापून नेला.

भवानी पेठ, रिपेरीवाला

अरारा. महिनाभरात डाग देऊन, रंग मारून कुणाच्या तरी बाथरूमात बसतोय बघा तो.