फासा टाकावा की ‘रोल’ करावा? फासा, दान, पण, पोबारा

प्रश्न

जुळे सोलापुरातल्या आमच्या वाचनगटात आठवी-नववीची मुलं मिळून एक अद्भुतकथा लिहितायत. त्यातल्या राज्यात राजाची निवड फाशांवर होते. कल्पना छान आहे, पण वाक्यं अशी येतात: ‘त्यानं फासा रोल केला आणि सहा नंबर आला.’ कानाला टोचतं. याला आपले शब्द कोणते? कथेतला फासा वीस बाजूंचा आहे, त्याला फासा म्हणावं का? आणि एका मुलानं विचारलं, फासेपारधी म्हणतात त्यातले फासे हेच का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर

ताई, फासे ‘टाकतात’ आणि जे पडतं ते ‘दान’. ‘सहाचं दान पडलं’ म्हटलं की झालं. कवड्यांनाही हेच: किती उताण्या पडल्या ते मोजून दान ठरतं. ज्यावर सोंगट्या सरकतात तो पट, खेळाची एक फेरी म्हणजे डाव आणि हरल्यावर जे द्यायचं कबूल केलं तो ‘पण’. धर्मराजानं राज्य, भाऊ, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावलं, तो हा पण. आज आपण अब्रू पणाला लावतो तेव्हाही नकळत द्यूताचीच भाषा बोलत असतो.

‘पोबारा’ तर मुलांना नक्की सांगा. सारीपाटाचे फासे लांबट असतात. तीन फाशांवर एक, सहा, सहा पडले की ते ‘पौ बारा’, म्हणजे एक आणि बारा. फार चांगलं दान. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणं. मराठीत मात्र पोबारा करणारा पळून जातो! एकाच दानाचे दोन भाषांत असे दोन संसार झाले.

वीस बाजूंचं म्हणाल तर खुशाल फासा म्हणा. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि अद्भुतकथांच्या जगात हा फासा रूढ झाला. पण वस्तू नवी नाही. टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या काळातल्या इजिप्तमधले, ग्रीक अक्षरं कोरलेले वीस बाजूंचे फासे संग्रहालयांत आहेत. फाशाला सहाच बाजू हव्यात असा नियम आपल्याकडेही कधी नव्हता. सारीपाटाच्या फाशाला आकडे चारच बाजूंना असतात.

दुसरं उत्तर

वरच्या उत्तरात एक भर. वेदातल्या फाशाला तर बाजूच नव्हत्या! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त, अक्षसूक्त, हे जुगारात सगळं घालवून बसलेल्या माणसाचं बोलणं आहे. त्यातले अक्ष, म्हणजे फासे, ही विभीदकाची फळं. विभीदक म्हणजे आपला बेहडा, त्रिफळा चूर्णातला. मूठभर फळं घ्यायची, चार-चारनं मोजायची. पूर्ण भाग गेला तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कलि. युगांची नावं आहेत ती ही. पुराण ऐकताना आपण कलियुग म्हणतो, पण मुळात कलि म्हणजे हरवणारं दान, हे ध्यानात घेतलं की त्या नावाचा कडवटपणा कळतो.

त्या सूक्तात फाशांविषयी म्हटलंय, ‘अहस्तासो हस्तवन्तं सहन्ते’. यांना हात नाहीत, तरी हातवाल्याला ते नमवतात. इतकं अचूक वाक्य जुगारावर मी दुसरं वाचलेलं नाही. पुढे सल्लाही आहे, ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’: फासे खेळू नकोस, शेतीच कर.

नलाख्यानात हेच धागे पुन्हा येतात. कलि नलाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेनं मोजून दाखवतो आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, देतो. तेव्हा कलि नलाला सोडून त्याच बेहड्यात जाऊन बसतो. फाशांचं झाड आणि कलीचं झाड एकच! तुमच्या मुलांना यातून हवी तेवढी अद्भुतकथा मिळेल. शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते ही गोष्ट मात्र लोककथेतली, व्यासांच्या सभापर्वात ती नाही. कथेत वापरा, पण महाभारताच्या नावावर खपवू नका.

तिसरं उत्तर

फासेपारध्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते फासे वेगळे. फास म्हणजे पाश, जाळं. फास लावून तितर, ससे धरणारे ते फासेपारधी. खेळातला फासा आला पाशकावरून. पनसाचा फणस झाला तसाच दोन्हीकडे ‘प’चा ‘फ’ झाला आणि शब्द एकमेकांसारखे दिसू लागले. जुगाराशी त्या नावाचा काही संबंध नाही. आपल्या सोलापुरात हे आवर्जून सांगायला हवं. १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची सेटलमेंट इथंच होती, आणि त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा १९५२ साली गेला. नावाचा चुकीचा अर्थ लावून मुलांच्या मनात तो शिक्का पुन्हा बसायला नको.

राहता राहिलं तुमच्या कथेतलं राज्य. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरं फाशांना पाचिकलु आणि कवड्यांना गव्वलु म्हणतात, कन्नडमध्ये दाळ आणि कवडे. तुमच्या गटात या घरांतली मुलं असणारच. राजाचे मराठी फासे, शेजारच्या राणीच्या पाचिकलु, असं लिहू द्या त्यांना. आणि देवापुढं निर्णय मागायचा प्रसंग असेल तर तिथं दान नको, ‘कौल’ लिहा. तुळजापूरला चिंतामणी दगडावर हात ठेवून लोक मागतात तो कौल. दान डावात पडतं, कौल देव देतो.