एकाच क्षयजंतूविरुद्धचा दाह एका रुग्णाला तारतो आणि दुसऱ्याला मारतो, असे का?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

माझ्या आईला (वय 61) बऱ्याच वर्षांपासून ऱ्हुमेटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांवर बराच काळ निभावले. परंतु बोटांची सूज आणि सकाळचा ताठरपणा पुन्हा वाढू लागल्यामुळे संधिवाततज्ज्ञांनी आता टीएनएफ नावाच्या, दाह (इन्फ्लमेशन) पेटवणाऱ्या रेणूला अडवणारे इंजेक्शन सुचवले आहे. ते सुरू करण्यापूर्वी त्यांनी छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी आणि रक्ताची इग्रा चाचणी करून घेण्यास सांगितले. मांटूची जागा टणक होऊन फुगली, इग्राही पॉझिटिव्ह आली, एक्स-रे मात्र स्वच्छ आहे. ‘टीबी झालेला नाही, पण जंतू अंगात सुप्त आहेत; आधी त्यांचा बंदोबस्त, मग इंजेक्शन,’ असे डॉक्टर म्हणाले. दाह दाबला तर सुप्त क्षय उफाळून येईल, अशी भीती त्यामागे आहे, एवढे मला समजले.

गोंधळ याच्या पुढे आहे. आमच्या नात्यातील एका मुलाला मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला होता आणि त्याला टीबीच्या औषधांबरोबर अगदी सुरुवातीपासून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारेच औषध, कित्येक आठवडे देण्यात आले. जंतू तोच, रोग तोच. मग आईच्या बाबतीत जो दाह जपायचा, तोच त्या मुलाच्या बाबतीत मोडून काढायचा, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? शिवाय आईच्या मैत्रिणी ‘इंजेक्शन कशाला, इन्फ्लमेशन यानेच उतरते’ असे म्हणून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवत आहेत. त्याबद्दलही कुणी जाणकाराने लिहावे.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि क्षयाच्या गाठींचे काप तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आईंच्या हातावर मांटूची जी गाठ उठली, तिच्यापासूनच सुरुवात करू. त्या सुईतून एकही जिवंत जंतू आत गेलेला नव्हता. होती ती केवळ क्षयजंतूची शुद्ध केलेली प्रथिने. म्हणजे 48 ते 72 तासांनी पट्टीने मोजला जाणारा तो टणकपणा जंतूने केलेला नसून, पूर्वी कधीतरी या जंतूशी गाठ पडलेल्या आईंच्या स्वतःच्या पेशींनी तो केलेला आहे. क्षयरोगात जे जे दिसते, त्यातील फार मोठा भाग असाच असतो. हा जंतू स्वतः विष सोडून ऊती जाळत नाही. नासधूस होते ती बहुतांशी त्याच्याशी लढणाऱ्यांकडून.

हे लढणारे नेमके काय करतात, ते भिंगाखाली स्पष्ट दिसते. मधोमध दह्याच्या चोथ्यासारखा मृत भाग, त्याभोवती एकमेकींना चिकटून बसलेल्या लांबट महाभक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशी, अधूनमधून कडेला घोड्याच्या नालेच्या आकारात केंद्रके मांडून बसलेली एखादी अजस्र पेशी आणि सर्वांत बाहेर लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचे कडे, अशी ती रचना असते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. महाभक्षक पेशींना जंतू मारता येत नाहीत तेव्हा त्या निदान त्यांना कोंडून ठेवतात, आणि हा कोंडवाडा शाबूत ठेवण्यासाठी टीएनएफचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. जंतू आत अनेक दशके जिवंत राहतात, माणूस मात्र धडधाकट असतो. त्याला खोकला नसतो, ताप नसतो आणि एक्स-रेही बहुधा स्वच्छ असतो.

टीएनएफ काढून घेतला की काय होते, याचा पुरावा 2001 साली प्रसिद्ध झाला. इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन घेतल्यानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांची ती नोंद होती. उपचार सुरू झाल्यापासून रोग प्रकट होईपर्यंतचा मध्यक काळ अवघा 12 आठवड्यांचा होता आणि अर्ध्याहून अधिक रुग्णांत तो फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. तेव्हापासून असे औषध देण्यापूर्वी सुप्त क्षय शोधणे ही जगभरची रीत झाली. भारतात तर ती टाळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण आपल्याकडे सुप्त संसर्ग अतिशय सर्रास आढळतो.

एवढे वाचून क्षयातला दाह सर्वस्वी हिताचा आहे, असे वाटेल. तसे नाही, आणि ते पाहण्यासाठी मेंदूपर्यंत जाण्याचीही गरज नाही. फुप्फुसात हाच दाह अनावर झाला म्हणजे त्यातून सुटणारी विकरे (एन्झाइम) फुप्फुसाची चौकट विरघळवतात, मधला मृत भाग पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो आणि तिथे पोकळी उरते. त्या पोकळीत हवा खेळती असल्याने जंतूंची अमाप वाढ होते आणि खोकल्याबरोबर ते बाहेर पडतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्या क्षयरुग्णांत अशा पोकळ्या कमी दिसतात आणि थुंकीतही जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणजे ज्या दाहाने जंतूला कोंडायचे, त्याच्याच अतिरेकाने जंतूला पुढच्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट करून दिली जाते. माझ्या मते क्षयजंतूची खरी चलाखी हीच आहे.

आता नात्यातील त्या मुलाबद्दल. मेंदूच्या तळाशी क्षयाचा दाह झाला की तिथे चिकट, जिलेटिनसारखा थर साचतो. मेंदूभोवतीचे द्रव वाहण्याच्या वाटा त्यामुळे बुजतात, आतल्या पोकळ्या फुगतात. त्याच थरातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्या की पक्षाघात होतो. कवटी हाडाची असल्यामुळे सूज बाहेर सरकायला जागा नसते. पोटरीवर जी सूज चार दिवस सहन केली असती, ती इथे जीव घेते. व्हिएतनाममध्ये 14 वर्षांवरील 545 रुग्णांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, टीबीच्या औषधांना डेक्सामेथासोनची जोड दिलेल्या गटातील मृत्यू सुमारे 32 टक्के होते, तर जोड न दिलेल्या गटात ते सुमारे 41 टक्के होते. जगलेल्यांतील गंभीर अपंगत्व मात्र त्यामुळे कमी झाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा डॉक्टर विचार करतात तो असा: जंतूंना मारण्याचे काम दुसरे कुणी, म्हणजे औषधे, करत आहेत का, आणि जिथे दाह आहे तिथे सूज मावेल का? त्या मुलाच्या शरीरात चार औषधे जंतूंवर तुटून पडलेली होती आणि सूज मावायला जागा नव्हती. तुमच्या आईंच्या शरीरात आज जंतूंवर एकही औषध नाही. सारी भिस्त त्या कोंडवाड्यावर आहे. सांध्यातील दाहाची गोष्ट निराळी. तिथे मारण्याजोगा जंतूच नाही, सांध्याचे अस्तर फोफावून कूर्चा आणि हाड कुरतडत राहते, आणि असल्या दाहाला राखून ठेवण्याचे कोणतेही कारण नाही.

कुष्ठतंत्रज्ञ_निवृत्त

वरील उत्तराला माझ्या क्षेत्रातील पुरवणी जोडतो. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून विदर्भात नोकरी केली. कुष्ठजंतू हा क्षयजंतूचा भाऊबंद, आणि आमच्याकडे हाच प्रश्न रुग्ण फार रागाने विचारत.

बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर काही रुग्णांचे जुने, फिकट चट्टे अचानक लाल होतात आणि फुगतात, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड होऊन हात लावू देत नाही. याला आम्ही रिअ‍ॅक्शन म्हणतो. रुग्णाला वाटते की गोळ्या बाधल्या, आणि तो त्या बंद करतो. वास्तविक जंतू वाढलेले नसतात. शरीराला ते आता नीट ओळखू आलेले असतात आणि त्यातून उसळलेल्या दाहात नस चिरडली जाते. उपचार पूर्ण होऊन जंतू मेल्यानंतरही हे घडू शकते. कुष्ठरोगातील वाकडी बोटे पुष्कळदा अशा हल्ल्यांतच वाकलेली असतात.

म्हणून आम्ही दर भेटीत रुग्णाला दोन बोटांच्या चिमटीत कागद धरायला सांगत असू आणि तो हळूच ओढून पाहत असू. मागच्या वेळी घट्ट धरलेला कागद या वेळी सुळकन निघाला, तर नस धोक्यात आहे असे समजून लगेच डॉक्टरांकडे पाठवायचे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड बहुधा रोज 40 मिलिग्रॅमपासून सुरू होऊन सुमारे 12 आठवड्यांत उतरवत नेले जाई आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या त्या काळात चालूच राहत. नस दुबळी होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही.

मानेच्या गाठींच्या क्षयातही असेच होते. औषधे सुरू असताना गाठी वाढल्या म्हणून लोक औषधच सोडतात. तसे करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पायपीट

थोडा साधा प्रश्न विचारतो. घोटा मुरगळला की बर्फ लावावा, की सूज कामाची म्हणून तशीच राहू द्यावी? आमच्या ट्रेकिंग गटात यावरून दोन तट पडले आहेत.

हाडवैर (फिजिओथेरपिस्ट)

दोन्ही तट थोडे थोडे बरोबर आहेत. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी 1978 साली रूढ केली आणि 2014 साली त्यांनीच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणे लांबू शकते. फाटलेल्या तंतूंचा कचरा उचलणाऱ्या आणि नवे तंतू विणण्याचे संदेश देणाऱ्या पेशी दाहाबरोबरच येतात, हे त्यामागचे कारण. पहिल्या काही तासांत वेदना कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावायला हरकत नाही. मात्र डायक्लोफेनॅकसारख्या दाह दाबणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर खाऊन त्याच पायावर गड उतरणे हा शुद्ध आततायीपणा आहे; उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आणि पावसाळ्यात ताप, अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अशा गोळ्या टाळून पॅरासिटामॉलच घ्यावे. घोट्याच्या हाडावर बोटाने दाबून दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा.

वॉर्ड_क्रमांक_चार

मी अतिदक्षता विभागात काम करते. सूक्ष्मदर्शींनी मांडलेल्या विचारात मला वेळेचा मुद्दा घालावासा वाटतो. 2020 साली ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत कोविडच्या रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस देण्यात आले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत 28 दिवसांतील मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले; ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र औषध घेणाऱ्यांचे मृत्यू 17.8 टक्के आणि न घेणाऱ्यांचे 14 टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायदा दिसला नाही हे निश्चित. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला आवरणारा दाह लागतो. पुढे तोच दाह फुप्फुसात पाणी साचवतो. आपल्याकडे 2021 च्या लाटेत प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्यांनीही घरी बसून स्टिरॉइड घेतले. त्यांपैकी अनेक जण मधुमेही होते. साखर भडकली आणि म्युकरमायकोसिसला (काळ्या बुरशीला) रान मोकळे मिळाले. महाराष्ट्राने त्याचा मोठा फटका सोसला.

दीर्घकाळ धुमसणाऱ्या दाहाचेही एक उदाहरण देते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन वाढलेले असलेल्या सुमारे 10,000 रुग्णांवरील 2017 च्या कँटॉस चाचणीत, दाहाचा केवळ एक संदेश अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले, आणि तेही कोलेस्टेरॉल कमी न होता. रक्तवाहिन्यांतला दाह अपाय करतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल माझे मत कडक आहे. जेवणातल्या हळदीला कुणाचीच हरकत नाही. अर्कातील कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते, म्हणून त्यात मिरीचा अर्क मिसळून मात्रा वाढवतात, आणि अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या आई मेथोट्रेक्सेट घेतात, सुप्त क्षयासाठी आयसोनियाझिडही घ्यावे लागेल. दोन्ही यकृतावर भार टाकणारी औषधे आहेत. तिसरा भार कशाला?

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅप्सूल बंद. दोनच शंका उरल्या आहेत: प्रतिबंधक औषध पूर्ण होईपर्यंत इंजेक्शनसाठी थांबावे लागेल का, आणि या गटातील सर्व इंजेक्शनांचा धोका सारखाच असतो का?

सूक्ष्मदर्शी

पूर्ण होईपर्यंत सहसा थांबत नाहीत. आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा रिफापेंटिनबरोबर आठवड्यातून एकदा असे 12 आठवडे, या दोन पद्धती प्रचलित आहेत. साधारणपणे त्यातला किमान एक महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू करतात आणि दोन्ही पुढे बरोबर चालू राहतात. धोका सारखा नसतो. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब यांच्या तुलनेत एटानरसेप्टमध्ये तो कमी आढळलेला आहे, तेव्हा निवड करण्यापूर्वी तज्ज्ञांना हे अवश्य विचारा. इंजेक्शनाऐवजी तोफासिटिनिब ही दाह दाबणारी गोळी सुचवली गेली, तरी क्षयाची तपासणी तितकीच आवश्यक असते.

मधल्या काळात यकृताच्या तपासण्या चुकवू नका. आईंना भूक मंदावणे, मळमळ किंवा लघवी गडद होणे यांपैकी काही जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. इंजेक्शन सुरू झाल्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप किंवा खोकला टिकला, वजन उतरले किंवा मानेत गाठ हाताला लागली, तर एक्स-रे पूर्वी स्वच्छ होता आणि प्रतिबंधक औषधही घेतले होते, या भरवशावर राहू नका. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात एक्स-रे स्वच्छच असू शकतो.