मदत हवी आहे : जिनिंगच्या काट्यावरची नोकरी, मान राहत नाही. आत्ता सोडू की हंगाम काढू?

काट्यावरचा | 4 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी. पांढरकवडा-वणी पट्ट्यातल्या एका खासगी जिनिंगवर (कापसातली सरकी काढायचा कारखाना) वजनकाट्यावर आहो. 15 जुलै 2019 पासून, बारमाही. पगार 15,600, बँकेत जमा होते. पीएफ कापतात. नेमणूकपत्र दिलं नाही.

मोठे शेठ 'भाऊ' म्हणतात, त्यांची तक्रार नाही. दोन हंगामांपासून त्यांचा मुलगा कारभार पाहते. तीस-चाळीस गाड्या रांगेत असतात आणि शेतकऱ्यांसमोर 'काय बे, डोळे फुटले का तुझे' असं चालू असते. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. वजनात चूक निघाली असं एकदाही झालं नाही. कटोतीवरून (भावातल्या कपातीवरून) शेतकरी भांडला की राग माझ्यावर निघते.

अंगावर 40,000 उचल आहे, दरमहा 2,500 कापतात. उचलीच्या वेळी सही केलेले दोन कोरे चेक घेतले आहेत. घरी तीन एकर कोरडवाहू.

उद्यापासून जाऊच नये असं वाटते. इतक्या कारणावरून नोकरी सोडणं बरोबर आहे का? आणि सोडलीच तर काय बुडेल?

---

पांदण

'इतक्या कारणावरून' असं लिहू नका. आपल्याकडे 'बे' दोस्तीतही चालतो, म्हणून बाहेरच्याला त्यात काही वाटत नाही. पण तो दोन्हीकडून चालत असेल तरच दोस्तीचा. तुम्ही त्याला उलट 'काय बे' म्हणू शकत नसाल तर ती शिवी आहे.

आता कारण पाहा, कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. कटोती ठरवतो ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत पाहणारा, किंवा मालक. ओलावा, कवडी (खराब कापूस), कचरा पाहून तेच भाव पाडतात. शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी मात्र काट्यावरून पडते, त्यामुळे तो खिडकीवर येऊन भांडतो. रांग खोळंबते. मुलाला शेतकऱ्यालाही दुखवायचं नाही आणि भावही सोडायचा नाही, म्हणून तो तिसऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर ओरडतो. स्वभाव आहेच, पण निम्मी चूक कामाच्या मांडणीची आहे. स्वभाव तुमच्या हातात नाही, मांडणी बदलता येते.

मोठ्या शेठशी एकदाच बोला. सकाळच्या आवकेत नाही आणि मुलासमोरही नाही; संध्याकाळी काटा बंद झाल्यावर, हिशेबाच्या वेळी. 'मला मान द्या' असं मोघम मागू नका, त्याला कोणी नाही म्हणत नाही आणि नंतर करतही नाही. दोन गोष्टी मागा:

एक, वजनचिठ्ठी आणि कटोतीची चिठ्ठी वेगळी करा. वजनचिठ्ठीवर फक्त भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन आणि ओलाव्याचा आकडा. कटोतीच्या चिठ्ठीवर ग्रेडरची सही. ओलावा गाडी रिकामी होण्याआधी शेतकऱ्याला मीटरवर दाखवायचा. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात आणि 12 च्या वर माल घेत नाहीत, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. खासगीतही आकडा समोर दिसला की निम्मं भांडण तिथेच संपतं.

दोन, माझी चूक असेल तर ऑफिसात बोलवून सांगा, खिडकीवर नाही.

वाक्य साधं ठेवा : 'शेठजी, लोकांसमोर मला बे-तू होते, त्यामुळे शेतकरीही माझं ऐकत नाही आणि रांग लांबते. या दोन गोष्टी केल्या तर काम सुरळीत होईल. नाहीतर मला दुसरीकडे पाहावं लागेल.' शेवटचं वाक्य खरंच करायचं असेल तरच म्हणा.

मग तीन आठवडे वहीत टिपा. तारीख, वेळ, कोणासमोर, कशावरून. चौथ्या आठवड्यात आकडे कमी झाले नसतील तर उत्तर मिळालं समजा.

---

खरडा

शेठशी बोलून काही होत नाही हो. घरच्या धंद्यात बाप पोट्ट्याला चार दिवस बोलतो, पाचव्या दिवशी पोट्टा तुमच्यावर डूख धरतो. बोलायचं तर आधी दुसरीकडे शब्द घेऊन ठेवा.

जिनिंगवाले माणसं दसऱ्याच्या आधी ठरवतात, जानेवारीत दुसऱ्या जिनिंगमध्ये गेलात तर 'भर हंगामात काहून सोडलं' हा पहिला प्रश्न. म्हणून जिनिंग सोडून बघा. वणी-मुकुटबनकडे कोळसा आणि सिमेंटच्या वाहतुकीचे काटे बाराही महिने चालतात, तिथे रात्रपाळी करणारा माणूस लागतो. तुरीची आवक आता सुरू होईल, दालमिलचे काटेही आहेत. 'काटा चालवतो' एवढंच सांगू नका. कोणतं सॉफ्टवेअर, दिवसाला किती गाड्या, टॅलीत नोंद करता का, हे सांगा. आणि पगार विचारताना जाण्यायेण्याचं पेट्रोल वजा करूनच 15,600 शी तुलना करा. वीस किलोमीटरवर 18,000 मिळाले तरी हाती तेवढेच राहतात.

---

हिशेबनीस

राग बाजूला ठेवून पैशाचं पाहू, कारण तारखेवर बरंच अवलंबून आहे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. पाच वर्षं झाली आहेत, म्हणजे हक्क लागला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू. सूत्र : शेवटचा पगार ÷ 26 × 15 × वर्षं. तुमचे 15,600 ÷ 26 = 600 रुपये रोज, म्हणजे वर्षाला 9,000. सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. तुमची साडेसहा वर्षं 15 जानेवारीच्या आसपास भरतात. उद्या काम सुटलं तर 6 वर्षं, 54,000. महिन्याची नोटीस देऊन फेब्रुवारीत सुटलात तर 7 वर्षं, 63,000. राजीनाम्याची तारीख नाही, कामाचा शेवटचा दिवस मोजतात. 'उद्यापासून जाऊच नये' याची किंमत नऊ हजार आहे.

(पगारात भत्ते वेगळे दाखवले असतील तर आकडा बदलेल. तुमचा पगार एकच आकडा आहे असं धरून लिहिलं.)

पीएफ. तुमचे बहुतेक 1,800 कापत असतील. मालकाच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनमध्ये आणि 550 पीएफमध्ये जातात. आजच पासबुक उघडून महिना न् महिना तपासा. पगारातून कापलं पण भरलं नाही, हे नोकरीत असतानाच कळलेलं बरं. आधार, पीएफ आणि बँक या तिन्हींत नाव एकसारखं आहे का तेही बघा. काही दुरुस्त्यांना मालकाची मंजुरी लागते आणि भांडून निघालेल्या माणसाची मंजुरी टेबलावर पडून राहते. सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या यूएएन पोर्टलवर स्वतः टाकता येते. पैसे काढू नका, नव्या खात्यात वळते करा. पेन्शनला 10 वर्षं लागतात, तुमची साडेसहा झाली आहेत, ती वाया घालवू नका.

बोनस. त्या आर्थिक वर्षात 30 दिवस काम झालं असलं की किमान 8.33 टक्क्यांचा हक्क. मार्चआधी सोडलं म्हणून जात नाही. चोरी, अफरातफर किंवा मारामारीवरून काढलं तर जातो, हे लक्षात ठेवा.

शेवटचा पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्यात राजीनाम्यानंतरही दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. गावाकडे कोणी दोन दिवसांत देत नाही, पण अर्जात हे वाक्य लिहिलेलं असू द्या.

शेतीचंही धरा. मृगाच्या तोंडावर बी-खताला रोख लागेल. फेब्रुवारीत सुटलात तर मार्च-एप्रिलपर्यंत पैसे हाती येण्याची वेळ जुळते. मे महिन्यात सुटलात तर पेरणी आणि वसुली एकाच वेळी येतील.

---

काट्यावरचा

नऊ हजारांचं माहीतच नव्हतं. पासबुक पाहिलं, भरणा बरोबर आहे. नावात मात्र एक अक्षर चुकलं आहे, उद्या करतो.

दोन शंका. मागे एकाने सोडलं तेव्हा 'जिनिंग हंगामी धंदा आहे, ग्रॅच्युइटी सात दिवसांच्या हिशेबानेच मिळते' असं सांगितलं होतं. आणि कोऱ्या चेकचं काय करू?

---

हिशेबनीस

सात दिवसांचा नियम आहे, पण तो फक्त हंगामात कामावर असणाऱ्यांसाठी : दर हंगामाला 7 दिवसांचा पगार. रेचावर (सरकी काढायच्या यंत्रावर) हंगामापुरते येणारे त्यात बसतात. तुम्ही बारमाही आहात, धंदा हंगामी असला तरी तुम्हाला 15 दिवसच. फरक पाहा, 600 × 7 = 4,200 आणि 600 × 15 = 9,000. पुरावा म्हणजे मे ते सप्टेंबरचे पगार बँकेत जमा झालेले आणि पीएफ पासबुकात बाराही महिन्यांचा भरणा. दोन्हींची छापील प्रत आजच काढून घरी ठेवा.

उचल आणि ग्रॅच्युइटी एकत्र होऊ देऊ नका. दोन कागद करा. पहिल्यावर उचल 40,000, आजवर कपात इतकी, बाकी इतकी. दुसऱ्यावर येणं : पगार, ग्रॅच्युइटी, बोनस. 'जुळवून टाकू' म्हणतात तेव्हा जुळवणी नेहमी एकाच बाजूला झुकते. बाकी उचल बँकेतून भरा, रोख नको.

---

सरकीपेंड

चेकचं सांगतो. चेकबुकच्या अर्धपट्टीवरून दोन्ही नंबर काढा. उचल फिटली की त्याच बैठकीत चेक परत मागा, घरी येऊन फाडा. 'सापडत नाही' म्हणाले तर तसं लेखी घ्या : अमुक नंबरचे दोन चेक उचलीच्या तारणापोटी घेतले होते, उचल फिटली, चेक गहाळ, वापरणार नाही. नुसतं बँकेत स्टॉप पेमेंट देऊन सुटका होत नाही, तो चेक परत गेला तरी कलम 138 ची (चेक न वटल्याची) नोटीस येऊ शकते. लेखी कागद असेल तर तिला उत्तर देता येतं.

आता मोठा धोका, जो कोणी लिहिला नाही : तूट. काट्यावरचा माणूस गेला की महिनाभराने गंजीत कापूस कमी भरतो आणि नाव त्याचं येतं. यातली बरीच तूट ओलाव्याची असते. 12 टक्के ओलाव्याने घेतलेला कापूस 8 टक्क्यांवर वाळला तर क्विंटलमागे चार किलोच्या वर वजन उतरतं. 5,000 क्विंटलला 200 क्विंटलच्या वर! म्हणून आत्तापासून प्रत्येक वजनचिठ्ठीवर ओलाव्याचा आकडा घालत जा. पांदणने सांगितलेली वेगळी चिठ्ठी इथेही कामी येते.

आणि एक दिवस दांडी मारून गायब होऊ नका. न सांगता गेलेल्या माणसावर तूट टाकणं सोपं असतं. अफरातफरीवरून काढलं असं कागदावर आणलं की बोनस गेला, ग्रॅच्युइटीचाही वाद उभा राहिला.

चार्ज देताना यादी करा : सॉफ्टवेअरमधला शेवटचा चिठ्ठी नंबर, न वापरलेली चिठ्ठीबुकं, गेटपास बुक, गल्ल्यातली रोख, किल्ल्या, काट्याच्या तपासणीचं वैधमापनचं प्रमाणपत्र आणि त्याची मुदत. मुदत संपली असेल तर तसं यादीत लिहा. खाली घेणाऱ्याची सही, तारीख, वेळ. दोन प्रती.

---

पळसफूल

एक गोष्ट वेगळी आहे म्हणून वेगळी लिहिते. ओरडण्यात जातीचा उल्लेख येतो का? येत असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर विषय नोकरीचा राहत नाही. चारचौघांसमोर असं बोलणं 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. तारीख, शब्द जसेच्या तसे आणि ऐकणाऱ्या दोघांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

---

काट्यावरचा

नाही ताई, तसं नाही.

बुधवारी संध्याकाळी मोठ्या शेठशी बोलतो, दोन चिठ्ठ्यांचं. तोवर मुकुटबनकडे एकाला फोन केला आहे. नाहीच जमलं तर राजीनामा कसा द्यायचा? हातात दिला तर फाडून टाकतील अशी भीती वाटते.

---

हिशेबनीस

हातातही द्या आणि पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच मिळालं आहे, खिडकीवर 'पोचपावतीसह' सांगा. मजकूर पाच ओळींचा : रुजू तारीख, आजची तारीख, एक महिन्याची नोटीस, कामाचा शेवटचा दिवस, आणि 'पगार, ग्रॅच्युइटी, बोनस व अनुभवपत्र द्यावे'. बे-तूचं त्यात लिहू नका, तो कागद पुढच्या मालकाच्याही हाती पडतो. ते सगळं वहीत राहू द्या. पैसे अडकले तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करताना वही आणि पोचपावती दोन्ही न्या.

---

सरकीपेंड

यादीत एक राहिलं. काट्याच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड तुमच्या नावाचा असेल तर शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर बदलून घ्या आणि 'पासवर्ड बदलून दिला' असं वेळेसह लिहून सही घ्या. त्यानंतर निघालेल्या चिठ्ठीवर तुमचं नाव छापून आलं तर तो कागद लागेल.