सुई-दोऱ्याशिवाय बटण लावायचं कसं? (जीन्स, कुर्ता आणि नातीचं झबलं)

बकुळा

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण त्यावरून आमच्या घरी दोन दिवस धुसफूस चालू आहे.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून जीन्स घालायला लागले. नोकरीत असताना कधी इस्त्रीच्या पँटशिवाय दिसले नाहीत, आता मिरजेच्या बाजारात भाजी आणायलासुद्धा जीन्स. त्यातल्या लाडक्या जीन्सचं कमरेचं बटण परवा खिळ्यासकट उपटून हातात आलं. कापडाला भोक, भोवती सुतं लोंबतायत.

पूर्वी मी असल्या कामासाठी कुणाला विचारलं नसतं. ब्लाउजचे हूक, पोरांच्या गणवेशाची बटणं, गोधड्या, सगळं हातानं केलंय. पण आता अंगठ्याच्या सांध्यात संधिवात धरलाय. सुई चिमटीत धरून जाड कापडातून ओढायची म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. कोपऱ्यावरच्या टेलरकडे ह्यांना पाठवलं, तर तो म्हणाला, "हे शिवायचं बटण नाही, ठोकायचं आहे. माझ्याकडे बटण दाबून बसवायचं प्रेस मशीन नाही."

त्यात ह्यांच्या कुर्त्याची दोन बटणं धोब्याकडून फुटून आलीत, आणि नातीच्या झबल्याचं टिचबटण निघालंय. लेक फोनवर म्हणते, "आई, गोंदानं चिकटव आणि मोकळी हो." मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येईना. न शिवता नीट टिकेल असं काही आहे का?

खोडसाळपंत

सेफ्टी पिन. वर शर्ट बाहेर सोडायचा. कुणाला दिसतंय?

बकुळा

पंत, ते खाली वाकले आणि पिन उघडली तर सगळ्यांना दिसेल. कुणीतरी कामाचं बोला.

काजबटण

काकू, टेलर खरं बोलला. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात फिनिशिंगला आहे. बटणं, रिवेट मारणं हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीन्सचं बटण दोन तुकड्यांचं असतं. वर टोपी, तिच्या पाठीला पोकळ दांडी. दुसरा तुकडा म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूनं येणारा खिळा, त्याला आम्ही टॅक म्हणतो. खिळा कापडातून वर निघतो, दांडीच्या पोकळीत शिरतो आणि दाब बसला की त्याचा शेंडा आतल्या आत चेपून पसरतो. मग तो मागे सरकत नाही. तुम्ही लिहिलंय, बटण खिळ्यासकट आलं. म्हणजे बटणाची पकड शाबूत आहे, हार मानली ती कापडानं. त्याच भोकात नवं बटण ठोकलंत तर तेही काही दिवसांत हातात येईल. आधी कापड धडधाकट करायचं, मग बटण. निम्मे लोक इथंच चुकतात आणि बटणाला शिव्या घालतात.

आता तुमच्या अंगठ्याचा विचार करून सांगतो. बटणं-अस्तर-फॉल विकणाऱ्या दुकानात चिकटणारी बकरम मिळते, कॉलरला घालतात ती. एका बाजूला हात फिरवला की खरखरीत लागते, तो गोंद. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा तुकडा कापा आणि कमरपट्टीच्या आतल्या बाजूला, भोकावर, खरखरीत बाजू कापडाकडे करून ठेवा. इस्त्री सुती कापडाच्या गरमीवर. घासायची नाही, वरून दाबून धरायची. गार झाल्यावरच हात लावा. त्यावर जुन्या डेनिमचा तसाच तुकडा हवा. तो चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळीची पट्टी मागा, तीही इस्त्रीनंच बसते. आता खिळ्याला धरायला नुसतं फाटकं कापड नाही, तीन थर आहेत.

भोक कात्रीनं कापू नका. टोच्यानं पाडा, खिळ्यापेक्षा बारीक. टोच्या सुतं बाजूला सारतो, कात्री ती तोडते. सुतं शाबूत राहिली की तीच खिळ्याच्या मानेला आवळून धरतात. जुनं भोक फारच फाकलं असेल तर अर्धा सेंटिमीटर बाजूला घ्या, काज तेवढं सांभाळून घेतं. (काकांचं पोट कुठल्या बाजूला चाललंय त्यावर बाजू ठरवा!)

खिळ्याची लांबी बघून घ्या. आतून घातला की शेंडा कापडाच्या वर स्वच्छ दिसला पाहिजे. नुसतं टोक डोकावत असेल तर आखूड आहे, पकड बसणार नाही. फार लांब असेल तर ठोकताना वाकतो आणि बटण तिरकं बसतं. मापाचं म्हणाल तर आमच्याकडे बटण लाइनवर मोजतात, ४० लाइन म्हणजे १ इंच. जीन्सला बहुतेक २७ लाइन, म्हणजे १७ मिलिमीटरचं लागतं. जुनं बटण दुकानात घेऊन जा, अंदाजानं आणू नका.

ठोकताना बटणाची टोपी खाली, तिच्याखाली डेनिमची जाड घडी, आणि त्याखाली घट्ट लाकडी पाट. ओट्यावर किंवा फरशीवर नको, फरशी तडकते. वर आलेल्या खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे घाव. एकच जोराचा घाव घातला की टोपी चेपते. हे काम काकांना सांगा, जीन्स त्यांची आहे.

गोंदाबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. बटण लावताना-काढताना ओढ काठाकडून लागते, साल सोलल्यासारखी. गोंद सरकवण्याला दाद देत नाही, पण सोलण्यापुढे टिकत नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद तर सुती कापडावर मुळीच ओतू नका. सुतासोबत त्याची क्रिया इतक्या वेगात होते की कापड तापतं, चटका बसतो, धूरही निघू शकतो. वाळल्यावर कापड पत्र्यासारखं कडक होतं ते वेगळंच. कापडाचा गोंद शोभेच्या बटणाला चालतो, जे कधी उघडायचंच नसतं.

अवांतर: खिळ्यानं कापड धरायची युक्ती एका शिंप्यालाच सुचली होती. अमेरिकेत नेवाडातल्या रिनो गावचा जेकब डेव्हिस. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात उसवायचे, म्हणून त्यानं तिथं तांब्याचे रिवेट ठोकले. पेटंटला पैसे नव्हते, तेव्हा ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लिव्हाय स्ट्रॉसला भागीदार केलं. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. आमची रोजीरोटी त्यातूनच निघाली म्हणा.

बकुळा

तुम्ही तर डोळ्यांसमोर करून दाखवलंत. ह्यांना वाचून दाखवलं. पोटाचं वाक्य सोडून. पण ह्यांच्या हातात हातोडी देणं म्हणजे घरातल्या बाकीच्या वस्तूंचा विमा काढावा लागेल. न ठोकता काही?

काजबटण

आहे, दोन प्रकार. एक स्क्रूचं. खिळ्याला आटे असतात, वरून बटण धरायचं आणि आतून स्क्रूड्रायव्हरनं पिळायचं. धुण्यात ढिलं होतं, म्हणून शेवटचा पीळ द्यायच्या आधी आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब. दुसरं पिनचं, मागे दोन टोकदार काटे आणि त्यावर बसणारी चिमटी. ते कंबर सैल झालेल्यांसाठी चांगलं, हवं तिथं सरकवता येतं. पण रोजच्या वापराला मी स्क्रूचंच सांगेन. पिनचं धुण्याआधी काढून ठेवावं लागतं आणि तुमच्यासारख्यांच्या अंगठ्याला ती चिमटी उघडणं त्रासाचं.

बकरमचं काम मात्र दोन्हींत चुकत नाही.

वॉर्डातली_ताई

कुर्त्याचं उत्तर माझ्याकडून. मी सिस्टर होते, आता निवृत्त. आमच्याकडे डॉक्टरांच्या पांढऱ्या अ‍ॅप्रनला बटणं शिवलेली नसायचीच. दोन्ही पट्ट्यांना काजं. बटणाच्या पाठीला कडी, ती खालच्या काजातून आत घालायची आणि आतून कडीत छोटी रिंग अडकवायची. कपडे लाँड्रीत गेले की बटणं काढून डबीत. उकळत्या पाण्यात आणि रोलरखाली बटणाचं काय होतं ते तुम्ही धोब्याकडे पाहिलंच आहे. पोलिसांच्या गणवेशाची पितळी बटणंही याच पद्धतीची, ब्रासो लावायला काढता येतात.

आपल्याकडे जावयाला सोन्याची बटणं घालायची पद्धत आहे ना, साखळीत ओवलेली? ती काय कुर्त्याला शिवतात होय! त्या कुर्त्याला दोन्ही बाजूंना काजंच असतात. तुमच्या टेलरला जुनी बटणं काढायला सांगा आणि त्या जागी खालच्या पट्टीलाही काजं करून घ्या. काजं एकदाच करायची. मग दुकानातून सुट्या बटणांचा एक संच आणला की तो सगळ्या कुर्त्यांना फिरवून वापरता येतो. चांदीची असली तर सणालाही चालतात.

फक्त रिंग घेताना बघा. किल्लीच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेटोळ्याची रिंग नखानं उघडावी लागते, तुम्हाला जमायची नाही. केसांच्या आकड्यासारखी सरळ सरकणारी पिन मागा.

बकुळा

ताई, ह्यांच्या लग्नातली बटणं माहेरून दिलेली कपाटात पडून आहेत! हे मला कसं सुचलं नाही. मंगळवारी काजांना कुर्ता टाकते.

झबल्याचं कुणी सांगा ना. टी-शर्टसारखं ताणणारं कापड आहे.

काजबटण

विणीच्या कापडाला भोक पाडायचंच नाही. पाडलंत की मोज्यासारखं उसवत जातं. त्यासाठी दातांचं टिचबटण येतं. एका वर्तुळाला पाच बारीक दात असतात, ते वीण न तोडता तिच्यातून आरपार जातात आणि पलीकडच्या भागात वळून बसतात. पाठीमागे न ताणणाऱ्या सुती फितीचा तुकडा ठेवा, नाहीतर नातीनं दोन्ही हातांनी ओढलं की कापडासकट येईल. हे हातोडीनं नीट बसत नाही, एखादा दात बाहेर राहतो आणि बाळाला टोचतो. त्याची पक्कड मिळते किंवा प्रेसवर मारून घ्या.

प्लॅस्टिकची टिचबटणं स्वस्त आहेत, पक्कडही हलकी असते. त्यांना टोच्यानं बारीकसं भोक लागतं, म्हणून मागची फीत आधी इस्त्रीनं चिकटवून घ्या. नंतर मात्र बटणावर इस्त्री फिरवायची नाही, वितळतं.

काहीही लावलंत तरी घालण्याआधी बटण जोरात ओढून बघा. सुटलं तर ते बाळाच्या तोंडात जाणार, दुसरीकडे नाही. पिनचं आणि स्क्रूचं बटण झबल्याला अजिबात नको.

त्वचा_आणि_इतर

एक भर घालतो. काकांना बेंबीच्या खाली खाज किंवा काळसर चट्टा आहे का? जीन्सच्या बटणातल्या निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, घाम आला की वाढते. युरोपात अंगाला लागणाऱ्या धातूतून किती निकेल सुटलं तर चालेल यावर कायदाच आहे. नवं बटण घेताना निकेलशिवायचं मागा. खिळ्याचं आतलं डोकं अंगाला लागतं, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि उडालं की पुन्हा लावा.

बकुळा

चट्टा आहे! ह्यांचं म्हणणं, तो पट्ट्याचा. आता नेलपॉलिश लावून बघते, ते काही बोलणार नाहीत, कारण दिसणार नाही.

शेवटचा प्रश्न, काजबटण. ही प्रेस मिरजेत कुणाकडे असेल? टेलर तर नाही म्हणाला.

काजबटण

बॅगा आणि पर्स दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, त्याच्याकडे आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी) आणि टिचबटणांची हातप्रेस बहुतेक असते. ताडपत्री, गाड्यांचे कव्हर शिवणाऱ्याकडेही असते. पण जाताना बटणाचा साचा आहे का ते आधी विचारा. प्रेस एकच असली तरी प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो, आणि आयलेटच्या साच्यावर जीन्सचं बटण मारलं की टोपीचा चेंदा होतो. बकरम घरून लावून न्या, तो लावणार नाही.

खोडसाळपंत

तोवर सेफ्टी पिन.

बकुळा

तोवर पायजमा.