शाळेचा निरोप फक्त व्हॉट्सॲपवर. हे बरोबर आहे का?

शेवंता_खेड:
पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. यंदापासून बाईंनी वहीत निरोप देणं बंद केलंय, जे काय ते ग्रुपवर. आमच्या घरात फोन एकच, तो मालकांबरोबर चाकणला सेकंड शिफ्टला जातो. मागच्या आठवड्यात ‘आधार आणि पासबुकाची झेरॉक्स उद्या आणा’ असा मेसेज आला, त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक आणि हात जोडलेले. मालकांना दिसलाच नाही. पोरीला वर्गात उभं केलं. तिची काय चूक? रात्री फोन घरी आला की मगच मला हे लिहायला मिळतं.

खडूवाला:
ताई, पोरीला उभं करणं चूकच. पण ग्रुप बंद करा म्हणू नका. आमची शाळा बीडकडची, दोन शिक्षक, चार वर्ग. दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर, कोपीत म्हणजे झोपडीत. तिथून एक आई व्हॉइस मेसेज टाकते, ‘सर, पोरगं आजीपाशी हाय, शाळेत येतंय का बघा.’ हे वहीतून कसं कळवणार? पालकसभेला तर खुर्च्याच जास्त असतात.

मधली_सुट्टी:
सर, निरोपाचं पटलं. रील्सचं काय? आमच्या शाळेचं इन्स्टाग्राम खातं सगळ्या जगाला उघडं. मुली नऊवारीत नाचतायत, खाली नाव, इयत्ता, गाव. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आम्हाला विचारलं कुणी? म्हणे प्रवेशाच्या वेळी सही घेतली होती. त्या दिवशी कागदांची चळत पुढे सरकवली होती, त्यात हाही असेल!

खडूवाला:
मॅडम, नाव-गाव टाकू नये, मान्य. बाकी हौस म्हणून नाही करत. समोरची इंग्लिश मीडियम पिवळी बस फिरवते, चौकात फ्लेक्स लावते. आमची पटसंख्या वीसवर आली. 20 च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं 2023 मध्ये निघालं होतं, ते डोक्यावर आहेच. पेजवरचे फोटो बघून पुण्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी पाण्याची टाकी बसवून दिली. शिवाय वरून रोज फोटो मागतात. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. शिकवलं, त्याचा कुणी मागत नाही.

मधली_सुट्टी:
मग टाकीचा फोटो टाका ना. पोरींचा कशाला?

ओसरीवरचा_आबा:
दोघंही मुद्द्याच्या कडेनं चाललात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश पालक, त्यात निम्म्या बायका. मी नातवाच्या शाळेच्या समितीवर आहे. आता बैठकच होत नाही. ‘ग्रुपवर टाकलंय, हरकत असेल तर कळवा.’ कोण कळवणार? सगळे अंगठा दाखवतात. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना. ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो, म्हणजे ही दवंडीच झाली की, बोलणं कुठंय? आणि खर्चाचा हिशोब मागितला की ‘आबा, पर्सनलला बोलू’.

खडूवाला:
आबा, सगळ्यांना लिहायला दिलं होतं. दोन दिवसांत निवडणुकीचे बॅनर आणि गुंतवणुकीच्या लिंका. एका पालकानं रात्री अकराला विचारलं, ‘उद्या खिचडी आहे का?’ मला पण घर आहे हो.

ओसरीवरचा_आबा:
मग महिन्याला एक तास समोर बसा. बायकांना जमेल अशा वेळी, सांच्याला. तिथं लिंक कोण पाठवणार?

शेवंता_खेड:
सांच्याला असेल तर मी येईन, पण ती तारीख मला कळवणार कुठं? ग्रुपवरच ना! खडूवाले सर, तुमच्या ऊसतोडवाल्यांना फोन हवाच, माझं काही म्हणणं नाही. आमच्या बाईंना एवढंच सांगा, गेटजवळ फळा आहे, त्यावर दोन ओळी लिहा. पोरगी वाचून सांगेल, तिसरीला आहे ती.