मदत हवी आहे : एनव्हीएमई एसएसडी टाकल्यापासून लॅन गायब (डेबियन १२)

नमस्कार मंडळी,

नागपुरात धरमपेठेत मामांचं सीए ऑफिस आहे. तिथल्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) आहे. तो वायरने एका साध्या स्विचला जोडलाय, त्याच स्विचवर प्रिंटर आणि टॅलीचं मशीन. स्विचवर राउटर नाही, म्हणून सगळ्यांचे आयपी हाताने दिलेले. इंटरनेट वायफायवरून.

परवा सीताबर्डीच्या एका दुकानातून लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी बसवून आणली. जुनी साटा डिस्क तशीच आहे, लिनक्स अजून तिच्यावरूनच चालू होतं. तेव्हापासून वायरवरचं सगळं बंद. वायफाय मात्र मस्त चालून राहिलं आहे.

केबल बदलून पाहिली, पोर्टचा दिवा लागतो. एलएसपीसीआयमध्ये (आतल्या हार्डवेअरची यादी) रिअलटेकचं लॅन कार्ड दिसतं. पण नेटवर्किंग सर्व्हिस 'कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी२एस०' म्हणून पडते, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) 'ईएनपी३एस० : रीनेम्ड फ्रॉम ईटीएच०' अशी ओळ आहे. डेस्कटॉपवर 'वायर्ड कनेक्शन' बराच वेळ गोल फिरतं आणि मग बंद होतं.

दुकानदार म्हणतो, लॅनची चिप गेली, बोर्डावर काम करावं लागेल. मामांना ते पटलंय. मला नाही, गेलेली चिप नवं नाव कशाला घेईल?

इंटरफेसेस फाइलमध्ये (कार्डाचं नाव आणि हाताने दिलेला आयपी तिथे लिहिलाय) २ चं ३ केलं की भागेल का? फायरवॉलचे नियमही जुन्याच नावावर आहेत. एकाने कर्नलला 'नेट डॉट इफनेम्स बरोबर ०' द्यायला सांगितलंय, म्हणजे ईटीएच० हे साधं नावच राहील. करू का? रिटर्नचे दिवस आहेत, प्रिंटरविना ऑफिस अडून बसलंय.

उत्तर

चिप ठणठणीत आहे भाऊ, बोर्डाला हात लावू देऊ नका. ही नावं सिस्टमडीच्या (लिनक्स चालू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, कार्ड कुठे बसलंय त्यावरून पडतात. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी२' म्हणजे पीसीआय बस २, 'एस०' म्हणजे स्लॉट ०. एनव्हीएमई एसएसडी ही स्वतःच पीसीआय एक्सप्रेसवरची वस्तू. तिला बस क्रमांक मिळाला आणि मागचे एकेक पुढे सरकले. तशाच आकाराची साटावाली (एम.२) एसएसडी टाकली असती तर हे झालं नसतं. वायफाय कार्डाचंही नाव बदललं असणार, बघा. पण नेटवर्कमॅनेजर (डेस्कटॉपवरून नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) ते कनेक्शन कार्डाच्या नाही, वायफाय नेटवर्कच्या नावावरून ओळखतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. वायरचं तसं नाही. ईएनपी३एस० इंटरफेसेस फाइलमध्ये नाही, म्हणून त्याने ते स्वतःकडे घेतलं आणि कुणी आयपी देईल याची वाट बघत बसला.

२ चं ३ केलंत तर आज भागेल. उद्या एसएसडी काढली की पुन्हा हेच. इफनेम्स ० नको. यूएसबी लॅन लावलंत की ईटीएच० कुणाला मिळेल याचा भरवसा नाही.

नाव मॅक पत्त्याला (प्रत्येक कार्डाचा वेगळा क्रमांक) बांधा. ईटीसी, सिस्टमडी, नेटवर्क या फोल्डरात '१०-लॅन डॉट लिंक' फाइल करा. मॅच विभागात मॅकअॅड्रेस, लिंक विभागात नेम बरोबर लॅन०. सुरुवातीचा १० महत्त्वाचा, मूळची फाइल ९९ ने सुरू होते आणि आधी जुळेल तीच चालते. मग इंटरफेसेस आणि फायरवॉल दोन्हीकडे लॅन० लिहा, अपडेट-इनिटरॅमएफएस उणे यू चालवा (बूटच्या सुरुवातीच्या फाइलींतही बदल जातो), रीबूट करा. ईटीएच० हे नाव मात्र ठेवू नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता

झालं बाप्पा! लॅन० आलं, टॅली दिसली, प्रिंटरने अडकलेली सगळी पानं एकदम ओकली. वायफायही खरंच ३ चं ४ झालंय. एसएसडी काढून बूट केलं तरी लॅन० जागेवरच. मामांनी दुकानदाराला बोर्डाचं काम नको म्हणून कळवलंय.

एक राहिलं. फायरवॉलमध्ये वायफायचाही एक नियम जुन्या नावावर निघाला. त्यालाही अशीच लिंक फाइल करू, की नियमच बदलू?

उत्तर

फाइलच करा, वायफाय० नाव द्या. मॅक मात्र कार्डाचा कायमचा घ्या, नेटवर्कमॅनेजर वायफायचा मॅक अधूनमधून बदलून दाखवतो. आयपी लिंकमध्ये 'पर्मअॅडर'च्या पुढे दिसेल तो.