भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर ४० टक्के सवलत: हे करनियोजन कसं?

कर्वेनगरकर
दोन दिवसांपूर्वी इथे 'पुण्यात दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी करबचत' ही पोस्ट आली. सल्ले तीन. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या. भाडेकरार नोंदवू नका. आणि मिळकतकरात पीटी-३ हा महापालिकेचा अर्ज भरून 'मी स्वतः राहतो' म्हणा, राहत्या घराची ४० टक्के सवलत घ्या. खाली लोकांनी धन्यवाद दिलेत, म्हणून लिहितोय.

पहिला सल्ला चोख आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर ६. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर सरळ सत्तर हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. ही माहिती द्यावी तेवढी थोडी.

तिसरा सल्ला मात्र निव्वळ खोटेपणा आहे. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पीटी-३ सोबत सोसायटीचं पत्र लागतं की मालक स्वतः तिथे राहतो. आमच्या एका सभासदाने ते पत्र टाइप करूनच आणलं, मी फक्त शिक्का मारायचा. त्याच्या फ्लॅटच्या दारात भाडेकरूच्या मुलीची सायकल उभी असते, ती मी रोज जिना उतरताना बघतो. मी सही केली नाही. आता सोसायटीत मी वाईट.

ही सवलत पुणेकरांना १९७० पासून होती. २०१९ ला राज्य सरकारने काढली. परत मिळवायला लोक भांडले, पत्रं लिहिली, आणि २०२३ ला ती परत आली. ज्यांची आकारणी १ एप्रिल २०१९ नंतर झाली त्यांनी मधली वर्षं पूर्ण बिल भरलंय. ती परत आणली राहत्या घरासाठी, तुमच्या गुंतवणुकीसाठी नाही.

दोन_फ्लॅटवाला
ती पोस्ट माझीच. सेक्रेटरी झालात म्हणजे न्यायाधीश झालात असं नाही. माझं भाडं २२ हजार. सवलत धरून बिल १२ हजार, नसली तर २०. आठ हजार जास्त कशासाठी? भाडेकरू काय जास्त कचरा करतो? रस्ता जास्त वापरतो? घर तेच, माणसं चारच. वर मेंटेनन्स, रंगकाम, मध्ये दोन महिने फ्लॅट रिकामा. बँकेचा हप्ता तर भाड्यापेक्षा मोठा आहे.

सहकारनगर_सीए
आधी हिशेब नीट करू. भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट. म्हणजे तुमच्या आठ हजारांपैकी साधारण १,७०० वरच्या स्लॅबमध्ये आयकरात परत येतात. सगळे नाही, हे मान्य. पण एक सांगा, रिटर्नमध्ये भाडं दाखवता ना? दाखवत असाल तर एका खात्याला 'भाड्याने दिलाय' आणि दुसऱ्याला 'स्वतः राहतो' असं लिहून देताय, दोन्हीवर सही तुमचीच. दाखवत नसाल तर विषय मिळकतकराचा उरतच नाही.

आणि करार न नोंदवण्याचा सल्ला सर्वांत घातक. ११ महिन्यांचं २२ हजार भाडं म्हणजे ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक सहाशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ अंगावर घेता? नोंदणी ही मालकाची जबाबदारी. करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध करायचं ते तुम्ही.

टँकरचं_पाणी
तुम्ही सगळे जुन्या हद्दीतले, सवलतीवर भांडा. आम्ही महापालिकेत नव्याने समाविष्ट केलेल्या गावातले. २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३. कर ग्रामपंचायतीच्या दरावरून टप्प्याटप्प्याने शहराच्या दरावर न्यायचं ठरलं, ते वाढलंही. बिलात जललाभ कर आहे, जलनिस्सारण लाभ कर आहे. लाभ कुठाय? उन्हाळ्यात सकाळी सहाला टँकरचा पाइप टाकीत पडतो त्या आवाजाने आमची सोसायटी उठते. बिल्डरने लिहून दिलं होतं की पाणी येईपर्यंत खर्च तो करेल. आता फोन उचलत नाही. माझं ४० टक्के बरोबर की चूक हे मला पाणी आल्यावर विचारा.

कर्वेनगरकर
पाण्याचा प्रश्न खरा आहे. पण त्याचा पीटी-३ शी काय संबंध?

टँकरचं_पाणी
संबंध आहे! तुमच्या भागातल्या जुन्या फ्लॅटची करयोग्य रक्कम त्या काळच्या दराने बसलीये. आमची नव्या दराने. माझं घर तुमच्यापेक्षा लहान असेल, बिल तुमच्यापेक्षा मोठं. नळ तुम्हाला, टँकर मला. आणि प्रामाणिकपणाचे धडेही मलाच.

पेठेतला_दुकानदार
जुन्या आकारणीवर बोट ठेवू नका. आमचा वाडा जुना, भाडेकरू पागडीचे, भाडं इतकं की त्यात एक खिडकी दुरुस्त होत नाही. नवा दर लावला तर वाडा विकायचा का? दुकानाला तर निवासी सवलत नाहीच. जकात गेली, २०१३ ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ ला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा गेला, मग जीएसटी. दरवेळी नवं रजिस्टर, नवा माणूस पगारावर. आणि थकवणाऱ्यांना? २०२० ला अभय योजनेत दंडावर ८० टक्के सूट! मी दरवर्षी मे संपायच्या आत भरतो, मला सर्वसाधारण करात ५ टक्के.

टँकरचं_पाणी
थकबाकीला महिन्याला २ टक्के दंड लावतात तो कुणाला? २०२४ ला निवडणुकीच्या तोंडावर गावांच्या वसुलीला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. आमच्यातले निम्मे भरून बसले, निम्मे थांबले. जे भरून बसले ते आता मूर्ख ठरलेत, त्यात माझे वडील आहेत. पेन्शनीतून भरलं त्यांनी.

दोन_फ्लॅटवाला
बघा, हेच म्हणतोय मी. व्यवस्थाच अशी आहे की सरळ माणूस मार खातो.

टँकरचं_पाणी
माझ्या वडिलांचं नाव तुमच्या खोट्या पत्राला लावू नका. त्यांनी पूर्ण बिल भरलंय. तुम्ही १२ हजार भरताय.

सहकारनगर_सीए
मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मिळकतकर नाही. पुण्यात लहान घराला असं काही मागायचं असेल तर सगळे मिळून मागा, मी मसुदा करून देतो. पण ४० टक्क्यांची सवलत परत मागताना आपण एकच गोष्ट सांगितली होती, की ही राहणाऱ्याची सवलत आहे. भाड्याचे फ्लॅट त्यात घुसवले की पुढच्या वेळी ती काढायला सरकारला कारण मिळेल.

दोन_फ्लॅटवाला
ठीक आहे. करार नोंदवण्याचं मी पोस्टमधून बदलतो, कलम ५५ चं मला एवढं माहीत नव्हतं. पीटी-३ ची ओळही काढतो, तुमचा त्रास नको म्हणून. भाड्याच्या घराला जास्त कर हे मला आजही पटलेलं नाही.

कर्वेनगरकर
नका पटवून घेऊ. दर कमी करा म्हणून अर्ज लिहा, मी सोसायटीतर्फे सही करतो. आणि महिलांच्या एक टक्क्याचं तेवढं ठेवा, लोकांना उपयोगी आहे.

टँकरचं_पाणी
अर्जात जललाभ कराचं आधी लिहा. नळ नाही तिथे तो आकारू नये. नाहीतर माझी सही नाही.